पहिलीसाठी मुलं गोळा करताना

आमच्या बडोद्यात मराठी शाळेवर प्रेम करणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती मुलांची. प्रेम करणारे सगळे साठीच्या पुढचे होते, आणि त्या वयाच्या माणसाला पहिलीत बसवता येत नाही. त्यांची नातवंडं रोज सकाळी गळ्यात टाय अडकवून रिक्षात एकमेकांच्या मांडीवर कोंबली जात आणि इंग्रजी शाळेत पोचती होत. आजोबा मंडळी रिक्षाला हात हलवून निरोप देत, आत येऊन चहा पीत, आणि मातृभाषेच्या काळजीनं पुन्हा बाहेर पडत.

या आजोबांतले एक माझे सासरे. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे ते चिटणीस होते. नोकरीला लागले संस्थानात, पगार घेतला मुंबई राज्याचा आणि पेन्शन खाल्ली गुजरातची. संस्थानच्या काळात ते नेमके कोण होते, हे घरात कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. माझं लग्न झालं तेव्हा ते कचेरीत कारकून होते असं मला कळलं होतं. मला मुलगी झाली तोवर ते हेडक्लार्क झाले होते, आणि निवृत्तीनंतर तर त्यांना फारच भराभर बढत्या मिळत गेल्या. 'आम्ही दरबारातली माणसं' असं ते एकदा मंडळाच्या बैठकीत म्हणाले, ते मी चहाचे कप उचलताना या कानांनी ऐकलं आहे.

मी रेल्वेच्या क्वार्टर्समधली. वडील वर्कशॉपात फिटर होते. आमच्या ओळीत एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला भुसावळकडची माणसं, आणि सगळ्यांची धुणी एकाच तारेवर. मी त्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. सासऱ्यांनी माझ्या लग्नात मांडवभर फिरून सांगितलं की सून आमच्या शाळेची आहे. मी तेव्हा लाजले होते. आपल्याला पसंत का केलं याचं इतकं सरळ कारण कळल्यावर लाजण्यापलीकडे दुसरं काय करणार?

मुलगी पाचाची झाली त्या वर्षी होळी आटोपली, उन्हं तापायला लागली, आणि एका दुपारी सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या घरात मंडळाचे अध्यक्ष राहत. निवृत्त वकील, आवाज मोठा, कान तिखट. त्यांच्या कानावर 'ए फॉर ॲपल' जाऊ नये म्हणून ही तजवीज होती. नातीला इंग्रजी शाळेच्या मुलाखतीसाठी तयार करायचं होतं, आणि मराठी शाळेच्या चिटणीसांना ते उघड्या खिडकीनं करणं बरं दिसलं नसतं. महिनाभर आम्ही दुपारी भट्टीत बसल्यासारखे बसलो. गंमत अशी की दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत अध्यक्षांच्याही खिडक्या अशाच बंद असायच्या. तेव्हा आम्ही समजलो होतो की त्यांच्याकडे कुणाला तरी गोवर आला आहे.

सासऱ्यांचं इंग्रजी अर्ज लिहिण्याचं. त्यामुळे मुलीला नाव विचारलं की ती 'आय बेग टु स्टेट' पासून सुरुवात करू लागली. सासूबाईंना ताकीद होती की नातीशी बोलताना दूध म्हणायचं नाही, मिल्क म्हणायचं. पाणी म्हणायचं नाही, वॉटर म्हणायचं. सासूबाईंनी त्यावर साधा उपाय काढला. त्या तिच्याशी बोलेनाशाच झाल्या. पेला पुढे करायच्या आणि भुवया उडवायच्या. पोरीला तो खेळ वाटला आणि तीही उलट भुवया उडवू लागली. आजोबांची शिकवणी एवढीच काय ती फळाला आली.

माझं मत कुणी विचारलं नाही. आमच्या घरात एखादी गोष्ट ठरली म्हणजे ती सासऱ्यांनी ठरवली, असा अर्थ होता. नवरा मकरपुऱ्याला एका कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आणि मधल्या वेळात घरात जे काय होईल ते त्याच्या अपरोक्ष. पण त्याचंही एक दुखणं होतं, ते खोटं नव्हतं. तो मराठी शाळेत शिकलेला. कामात कुणाला हार न जाणारा, पण वरच्या साहेबांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशात घास अडकल्यासारखा गप्प बसायचा. त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा बोलून बोलून त्याच्या पुढे गेला. "आपल्या पोरीचं असं होता कामा नये," एवढंच तो मला म्हणाला. त्याचं हे म्हणणं मला पटत होतं. सासऱ्यांचं एकही पटत नव्हतं, कारण ते मला कधी खरं कारण सांगतच नव्हते.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. तिथल्या मुख्याध्यापिकेनं मुलीला चित्रं दाखवली, रंग विचारले, नाव विचारलं. मुलीनं भुवया उडवल्या. मग त्या नवऱ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलल्या. तो सगळ्याला 'येस मॅडम' म्हणत गेला आणि जिथे 'येस' हवं होतं नेमकं तिथे 'नो' म्हणाला. तरी प्रवेश मिळाला. सासरे आधीच कुणाला तरी गाठून 'जरा जोई लेजो', म्हणजे जरा लक्ष असू द्या, म्हणून आले होते, आणि बडोद्यात एवढ्या बोलण्यावर पुष्कळ कामं होतात. गणवेश शिवला, बूट घेतले, टाय आला. तो तयार गाठ मारलेला, रबराचा होता. मुलीला सांगितलं की हे जपून ठेवायचे कपडे आहेत, पुढे कधीतरी घालायचे. ती बिचारी समजली, कुणाच्या तरी लग्नातले असतील.

आणि मग मे महिना आला. मे महिन्यात आमच्या मंडळाची मोहीम निघे. सरकारी नियमाप्रमाणे पहिलीत ठरावीक मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद, आणि पहिली बंद झाली की पुढच्या इयत्ता एकामागून एक आपोआप बंद पडत जातात. म्हणून दर उन्हाळ्यात चिटणीस आणि अध्यक्ष डोक्याला रुमाल बांधून मराठी घरं शोधत निघत. आपल्या गल्लीत मात्र कधी फिरत नसत. आपल्या गल्लीतली मुलं कुठे जातात ते त्यांना ठाऊक होतं. ते जात लांब लांब, नव्या सोसायट्यांत, कारखान्यांच्या वस्त्यांत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये. ज्यांना अजून काही माहीत नाही अशी माणसं त्यांना हवी असत.

त्या वर्षी सासऱ्यांना एक कल्पना सुचली. माझ्या मुलीला मी श्लोक आणि कविता शिकवल्या होत्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि चारचौघांत बोलायची मुळीच लाज नाही. खिडक्या बंद केल्या की मुकी होणारी ही पोर उघड्यावर पोपटासारखी बोलायची. सासऱ्यांनी तिला मोहिमेवर बरोबर घ्यायचं ठरवलं. कापडवाला ताग्यातला एक तुकडा हातात देतो ना, तशी. हिचं बोलणं ऐका आणि मग ठरवा. ही मराठी शाळेचा नमुना, असं ते तोंडानं म्हणाले नाहीत. पण ऐकणाऱ्यानं तसं समजावं अशीच सगळी मांडणी होती. ज्या मुलीचा प्रवेश इंग्रजी शाळेत होऊन चुकला होता, ती मुलगी मराठी शाळेसाठी दारोदार हिंडायला निघाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला वाटे ही म्हण आमच्याच घरात जन्मली असावी.

मलाही जावं लागलं. बाईमाणूस बरोबर असलं की लोक आत बोलावतात, असं सासऱ्यांचं म्हणणं. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून निघाले. माझ्यासारखीला ते जड जातं.

हरणीकडच्या एका नव्या सोसायटीत आम्ही पहिल्यांदा गेलो. साहेब बँकेत होते. बाईंनी थंडगार पन्हं दिलं. अध्यक्षांनी संस्थानापासून सुरुवात केली. महाराजांनी कसं मोफत शिक्षण दिलं, गावोगाव वाचनालयं कशी काढली, बडोद्याची मराठी किती शुद्ध. साहेब मान डोलावत होते. मग सासऱ्यांनी मुलीला खूण केली आणि तिनं दोन श्लोक म्हणून दाखवले. बाई कौतुकानं तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "सो स्वीट." गच्चीतल्या दोरीवर एक चिमुकला निळा टाय वाळत होता. तो सगळ्यांना दिसला आणि कुणीच पाहिला नाही. विचार करू, असं साहेब म्हणाले. बाहेर पडल्यावर अध्यक्ष हळहळले की आजकाल लोकांना भाषेचा अभिमान राहिलेला नाही. मी मुलीच्या चपलेचा बंद नीट करायला खाली वाकले, नाहीतर हसले असते.

गोरव्याला एका कारखान्यातल्या कामगाराच्या खोलीत गेलो. त्याला महाराजांशी काही देणंघेणं नव्हतं. शाळा किती वाजता सुटते, मुलाला आणायला कोण येणार, आणि गुजराती नीट शिकवता की नाही, एवढंच त्यानं विचारलं. उद्या इथेच पोट भरायचं आहे, असं म्हणाला. हे प्रश्न अगदी चोख होते. सासऱ्यांनी त्याला मातृभाषा म्हणजे आईचं दूध असं सांगितलं. त्याची बायको कोपऱ्यात तान्ह्याला पाजतच बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तिथूनही आम्ही रिकाम्या हातानं निघालो.

शेवटी रेल्वेच्या क्वार्टर्स. माझ्या माहेरच्याच वस्तीत, पण दुसऱ्या टोकाला. वडील निवृत्त होऊन गावी गेले होते, त्यामुळे ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. एका दारात एक बाई गहू निवडत बसली होती. पंचविशीची असेल. भुसावळकडून वर्षभरापूर्वी बदली होऊन आलेली माणसं. नवरा ड्यूटीवर होता. तिची मुलगी माझ्या मुलीएवढीच, दाराआड उभी राहून एका डोळ्यानं आमच्याकडे पाहत होती.

बाईनं सूप बाजूला सारलं, चटई टाकली, पाणी दिलं. अध्यक्षांनी संस्थानापासून सुरुवात केली. ती ऐकत राहिली. मधे एकदा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, तेव्हा मला वाटलं हिला काही कळत नाही आहे. मग तिनं जे सांगितलं त्यावरून दिसलं की तिचा सगळा विचार आमच्या येण्याआधीच झालेला होता. शेजारच्या सगळ्या मुली जवळच्या गुजराती शाळेत जातात, नवरा म्हणतो तिथेच घाल. पण ती स्वतः चौथी शिकलेली. मराठी तेवढं वाचता येतं. मुलगी मराठीत शिकली तर संध्याकाळी तिच्याजवळ बसून तिचा अभ्यास घेता येईल. गुजराती शाळेत घातली तर आपण तिच्याजवळ बसून काय करायचं, नुसतं तोंड पाहायचं? सगळी शाळा मास्तरांच्या हवाली, आपल्याला काही कळणार नाही. एवढं एकच तिला टोचत होतं. दोन महिने तिनं नवऱ्याशी याच्यावरून वाद घातला होता.

महाराज, वाचनालयं, शुद्ध उच्चार, आईचं दूध, सगळं एका बाजूला राहिलं. मुलीजवळ बसता यावं, यापेक्षा चांगलं कारण मी त्या मोहिमेत ऐकलं नाही, नंतरही कधी ऐकलं नाही. सासऱ्यांना ते नीट ऐकूच आलं नसावं. ते खूश होऊन मान हलवत होते आणि मुलगी मिळाली असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण बाईचं बोलणं संपलं नव्हतं. तिला भीती होती. ओळीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की ह्या शाळा आता बंद पडणार. मुलीला घातलं आणि दोन वर्षांनी वर्ग बंद झाला, तर? मग तिला गुजराती शाळेत पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल, आणि नवरा जन्मभर बोलून दाखवील. असं म्हणून ती माझ्या मुलीकडे पाहत राहिली आणि मग सरळ सासऱ्यांकडे वळली.

"काका, एक विचारू का? तुमची नात कुठल्या शाळेत जाणार?"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला. सासऱ्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "मी आईच्या शाळेत जाणार." तिला दुसरं ठाऊकच नव्हतं. रोज रात्री झोपताना मी तिला माझ्या शाळेच्या गोष्टी सांगत असे, चिंचेच्या झाडाच्या, फुटक्या घंटेच्या. बंद खिडकीतल्या त्या शिकवणीचा, त्या मॅडमच्या चित्रांचा आणि शाळेचा काही संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सासऱ्यांना इथे एक शब्द बोलता आला असता. ते बोलले नाहीत. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाईला विचारलं, "ऐकलंत?" म्हणजे बघा, खोटं ते बोललेच नाहीत. त्यांनी ते पाच वर्षांच्या पोरीकडून वदवून घेतलं. दरबारात राहून माणूस काय काय शिकतो ते मला त्या दिवशी कळलं.

बाईचा चेहरा मोकळा झाला. "मग माझी पण येईल," ती म्हणाली. "जिथं तुम्ही तुमचं पोर घालाल ती शाळा तुम्ही बंद पडू देणार नाही. दोघी शेजारी बसतील. पहिल्या दिवशी मी येऊन बघेन."

घरी परत येताना सासरे फार खुशीत होते. वाटेत त्यांनी अध्यक्षांना आणि आम्हाला सेवउसळ खाऊ घातली. मला ती गेली नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी वाट पाहिली. वाटलं, कधीतरी त्यांना स्वतःलाच आठवेल, टोचेल. जूनच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी नवरा घरी असताना मी विषय काढला. म्हटलं, त्या बाईला आपण शब्द दिला आहे. सासरे पेपर वाचत होते. शब्द मी दिलेला नाही, मुलगी बोलली, आणि लहान मुलं काहीही बोलतात, असं ते पेपरामागूनच म्हणाले. मी म्हटलं, मग आज जाऊन तिला खरं सांगून येऊ, तिला तिच्या मुलीचं ठरवू दे. त्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, हे मला अजून आठवतं. समजूत घालायच्या आवाजात ते बोलले.

"अगं, ती शाळा त्या लोकांसाठी आहे. त्यांच्यासाठी आपण ती चालवतो. आपल्या मुलीला तिथे कशाला?"

"बाबा, मी त्याच लोकांतली आहे."

"तू आता आमच्या घरची झालीस," ते म्हणाले, आणि मोठा मान दिल्यासारखं माझ्याकडे पाहून हसले.

'आमच्या शाळेची सून' म्हणून इतकी वर्षं माझी वरात काढली होती, त्याचा अर्थ हा होता. शाळा म्हणजे त्यांच्या लेखी दारिद्र्याचा दवाखाना. आपण तो चालवायचा, चंदा गोळा करायचा, भाषण करायचं. आपण आजारी पडलो की जायचं मात्र दुसरीकडे. आणि मी त्या दवाखान्यातून बरी होऊन बाहेर पडलेली. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की समोरचा चहाचा कप मी हातानं घट्ट धरून ठेवला, नाहीतर तो कुठे गेला असता सांगता येत नाही. इंग्रजी शाळेत घालायचं होतं तर उजळ माथ्यानं घालायचं होतं. नवऱ्यासारखं सरळ म्हणायचं होतं की मी अडखळलो, पोरीनं अडखळू नये. मी भांडले असते, हरलेही असते, पण मनातून त्यांच्यावर थुंकले नसते.

नवऱ्याला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की मुलीला मी मराठी शाळेत नेणार आहे, आणि तिचं इंग्रजी ही तुझी आणि माझी दोघांची जबाबदारी. त्यानं समोरच्या घराकडची खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, तुला करायचं ते कर, मला बाबांसमोर मधे घेऊ नकोस. या घरातल्या पुरुषांकडून याहून जास्त धैर्याची अपेक्षा करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. मी ती परवानगी समजले.

मराठी शाळा इंग्रजी शाळेच्या दोन दिवस आधी उघडत होती, हे माझं नशीब. पहिल्या दिवशी सासरे लवकर आंघोळ करून, कोट घालून पुढे गेले. नव्या मुलांचं फाटकाशी स्वागत करायचं असे. मी मुलीला साधा धुतलेला फ्रॉक घातला. सासूबाई वेणी घालत होत्या. कुठे नेतेस, असं त्यांनी विचारलं नाही. वेणी घट्ट बांधली, रिबिनीची फुलं केली, आणि इतक्या दिवसांनी त्या नातीशी मोठ्यानं बोलल्या: "दूध पिऊन जा."

शाळेच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा मला फाटक दिसलं. अध्यक्ष, सासरे, माझ्या वेळच्या पहिलीच्या बाई, आणि सासऱ्यांच्या हातात पेढ्यांचं ताट. शाळेचा रिवाज होता, नव्या मुलाला एक पेढा आणि त्याच्या आईला एक. आत बरीच गडबड दिसत होती. पण ती भुसावळची बाई आत गेलेली नव्हती. ती फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी होती, नवी साडी नेसून, मुलीचं मनगट धरून. सासरे तिला हात करून करून बोलावत होते. या ना, या आत, लाजता काय. ती मान हलवत होती आणि रस्त्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं की काय कोण जाणे. किंवा काहीच कळलं नव्हतं आणि तिनं जे सांगितलं होतं तेच ती करत होती, येऊन बघत होती.

माझ्या मुलीनं तिच्या मुलीला ओळखलं आणि माझा हात सोडून ती धावली. बाईनं तिला पाहिलं, मग मला पाहिलं. मुलीचं मनगट सोडलं. "जा," एवढंच म्हणाली.

दोघी फाटकातून आत गेल्या. सासऱ्यांच्या हातात पेढा होता आणि तो काही क्षण तसाच हवेत राहिला. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहत होते, पहिलीच्या बाई पाहत होत्या, आसपासच्या आया पाहत होत्या. सासरे कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी वाकून नातीच्या तोंडात पेढा घातला, दुसऱ्या मुलीला दिला, ताठ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चिटणीसाची नात दुसरीकडे कुठे जाणार?" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक वर्षं स्नेहसंमेलनात ही गोष्ट ते स्टेजवरून सांगत, मी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली म्हणून, आणि लोक टाळ्या वाजवत. मीही वाजवत असे. मुलगी वर्गात होती, वर्ग चालू होता, त्यांचं भाषण मला तेवढ्यात परवडत होतं. इंग्रजी शाळेतली ती जागाही फुकट गेली नाही म्हणे. अध्यक्षांच्या धाकट्या नातवाची तिथे सोय झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी फाटकाशी सासऱ्यांनी ताट त्या बाईपुढे केलं. तिनं पेढा घेतला. मग ताट माझ्यापुढून गेलं आणि मागून येणाऱ्या आईपुढे थांबलं. ते विसरले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाहून त्यांनी ते पुढे नेलं होतं.

बाईनंही ते पाहिलं. तिनं हातातला पेढा मोडला, मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, आणि मी तो तिथेच, सासऱ्यांच्या समोर उभी राहून खाल्ला.